दोनदा बदललेला क्लच

सरांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली आणि ती सगळी वर्षं बाजूच्या सीटवर काढली. शिकवणीच्या गाडीत बाजूच्या सीटपुढेही दोन पेडल असतात, एक क्लचचं आणि एक ब्रेकचं. शिकणाऱ्याची तारांबळ उडाली की शिकवणाऱ्यानं ती दाबायची आणि रस्त्यावरच्या लोकांचे जीव वाचवायचे. सरांनी ती इतक्यांदा दाबली होती की त्यांच्या हातून किती जण शिकले यापेक्षा त्यांच्या पायामुळे किती जण वाचले हा आकडा मोठा निघाला असता. शिष्यांनी त्यांचं नाव ‘हाफक्लच सर’ पाडलं होतं, आणि हे सरांना ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती.

ओरडण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, “पाय उचला! क्लच म्हणजे पाय ठेवायचा पाट नाही!” गिअर बदलून झाला की डावा पाय सरळ खाली आला पाहिजे, याबाबतीत ते कुणाची गय करत नसत. या वाक्यानं अर्ध्या शहराला कधी ना कधी रडवलं होतं. उरलेलं अर्धं शहर समोरच्या क्लासला जात असे.

बासष्टाव्या वर्षी त्यांनी क्लास विकला. पाटीसकट विकला, आणि आलेल्या पैशांतून कुणाच्या स्वप्नातही येणार नाही ती गोष्ट केली. दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला चिकटून पळणारी एक स्पोर्ट्स कार घेतली. गाडी सात वर्षं जुनी, एका दातांच्या डॉक्टरची. डॉक्टर म्हणाला होता, “कंपनीतून आली तशी आहे बघा. एक स्क्रू इकडचा तिकडे नाही.” हे वाक्य सरांना इतकं आवडलं की पुढचे सहा महिने वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. असल्या गाड्या घेऊन त्यांना कर्कश सायलेन्सर आणि निळे दिवे लावणाऱ्या पोरांबद्दल सर जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता सरांच्या बायकोबद्दल. त्यांना गिऱ्हाइकं बाई म्हणायची, तर आपणही बाईच म्हणू. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चाले. नवं काही शिवायचं नाही, फक्त दुरुस्ती. चेन बदलणं, कंबर सैल करणं, कोटाचं अस्तर घालणं, लांब झालेल्या पँटी आखूड करणं. खिडकीपाशी मशीन, भिंतीला खुंट्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या टोचलेले कपडे, आणि जमिनीवर कितीही झाडलं तरी उरणारे दोऱ्यांचे तुकडे. चाळीस वर्षं त्या तिथे बसल्या होत्या.

बाई गाडी चालवायला शिकल्या त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि शिकल्या समोरच्या क्लासला. सरांकडे का नाही, याला कारण होतं. वीस वर्षांपूर्वी सरांनी त्यांना चाळीस मिनिटं शिकवलं होतं. एकेचाळिसाव्या मिनिटाला सिग्नल लाल झाला, तशा बाई दार उघडून उतरल्या, पर्स घेतली आणि चालत घरी आल्या. त्या चाळीस मिनिटांबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही. पण या खेपेला त्यांना शिकणं भागच होतं. त्यांची थोरली बहीण ऐंशी किलोमीटरवरच्या एका वृद्धांच्या निवासात राहायची, आणि तिची आठवण हळूहळू पुसट होत चालली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, “जो चेहरा दर आठवड्याला दिसतो तो जास्त दिवस टिकतो. जमेल तितकं या.” याच बहिणीनं बाईंना लहानाचं मोठं केलं होतं, मशीनही तिनंच शिकवलं होतं. बसनं जायचं तर दोनदा बस बदलून साडेतीन तास जाणं आणि तितकंच येणं, मध्ये भेटीला जेमतेम पाऊण तास. गाडीनं दीड तासात पोचता येई.

बाई पहिल्याच खेपेला परीक्षा पास झाल्या. मग दर गुरुवारी दुकान बंद ठेवून सरांची ती चपटी गाडी घेऊन एकट्या बहिणीकडे जाऊ लागल्या. अशा बारा गुरुवारी त्या गेल्या. दर गुरुवारी सर संध्याकाळी फाटकात उभे राहत आणि गाडी आली की बाईंकडे न बघता आधी चारी बाजूंनी गाडीकडे बघत.

तेराव्या गुरुवारच्या सहा दिवस आधी, पुलाच्या चढावर, सर स्वतः चालवत असताना इंजिन किंचाळलं. गाडीचा वेग मात्र होता तेवढाच राहिला. पाठोपाठ जळकट वास आला. सरांना निदान करायला अर्धा सेकंदही लागला नाही. क्लच घसरत होता, म्हणजे प्लेट संपली होती. इथपर्यंत सगळं स्पष्ट होतं. गोंधळ सुरू झाला तो खर्च विचारल्यावर.

कंपनीच्या शोरूममध्ये टाय लावलेल्या एका तरुणानं पडद्यावर बघत सांगितलं, “एक लाख ब्याऐंशी हजार.”

“क्लच प्लेट केवढ्याची आहे?” सरांनी विचारलं.

“प्लेट सव्वीस हजार.”

“मग उरलेलं काय आहे?”

तरुणानं कागद छापून दिला. त्यावर प्लेटबरोबर प्रेशर प्लेट होती, रिलीज बेअरिंग होतं, ज्यावर हे सगळं बसतं ते जडशीळ चाक, म्हणजे फ्लायव्हील होतं, आणि एकदाच वापरता येणारे तेवीस बोल्ट होते. शिवाय चौदा तासांची मजुरी. सर म्हणाले, “मला क्लच बदलायचाय बाबा, गाडी नाही.” तरुण हसला, कारण त्याला हसायला शिकवलं होतं.

पुलाखालच्या मिस्त्रीनं गाडीखाली अर्धा मिनिट डोकं घातलं आणि साठ हजार सांगितले. वर म्हणाला, “पण सामान कुठलं ते विचारायचं नाही.” याच जातीच्या गाड्या बाळगणाऱ्यांची एक मंडळी होती, त्यातल्या तिघांना सरांनी फोन केले. एक म्हणाला, फ्लायव्हील बदललंच पाहिजे. दुसरा म्हणाला, नुसतं घासून घ्या. तिसरा म्हणाला, त्याला हात लावलात तर पस्तावाल. सर रात्रभर आढ्याकडे बघत पडले. आयुष्यभर क्लच या विषयावर ज्यांनी भाषणं ठोकली त्यांना स्वतःच्या क्लचची किंमत कळेना, म्हणजे काय!

शेवटी ते आपल्या एका जुन्या शिष्येकडे गेले. तिनं बापामागे गॅरेज चालवायला घेतलं होतं. सरांच्या हाताखाली ती दोनदा नापास झाली होती आणि दोन्ही वेळा रडली होती, पण ते सर विसरले होते. गॅरेजवाली म्हणाली, “अठ्ठ्याण्णव हजार, सर. सामान कंपनीचंच. फ्लायव्हील उघडल्यावर बघू, चांगलं असेल तर तसंच ठेवू.”

“प्लेट सव्वीसची आणि बिल अठ्ठ्याण्णवचं?”

“बाईंना विचारा ना, कोटाचं अस्तर बदलायला काय घेतात ते. कापड स्वस्तच असतं. पण तिथवर पोचायला अख्खा कोट उसवावा लागतो.” तिनं हातानं दाखवलं. “सायलेन्सरचा पाइप काढा, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा काढा, मग गिअरबॉक्स खाली उतरवा, तेव्हा कुठे तुमची प्लेट दिसणार.”

हे सरांना पटलं. इतकं सरळ त्यांना आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी तिनं त्यांना बोलावलं. बाकावर जुने भाग मांडून ठेवले होते. प्लेट आरशासारखी गुळगुळीत झाली होती. गॅरेजवालीनं बेअरिंग उचलून सरांच्या कानाशी फिरवलं. ते दळणासारखं घरघरलं.

“ह्यावर सतत दाब होता, सर,” ती म्हणाली. “कुणीतरी क्लचवर पाय ठेवून चालवतंय.”

ती ‘कुणीतरी’ म्हणाली. पण सरांच्या डोक्यात तो शब्द शिरलाच नाही, तिथे आधीच एक माणूस बसलेलं होतं. घरी येईपर्यंत त्यांचा सिद्धांत तयार झाला. बाई चाळीस वर्षं शिवणाच्या मशीनवर. मशीनला पेडल. पेडलवर कायम पाय. पायाला तीच सवय. दोन आणि दोन चार!

संध्याकाळी त्यांनी बाईंना समोर बसवलं आणि कागदावर क्लचची आकृती काढून समजावलं. ओरडले नाहीत, याचं श्रेय ते नंतर बरेच दिवस स्वतःला देत होते.

“अगं, मी तुला दोष देत नाही. सवय असते पायाला. तुझा जन्म गेला पेडलवर पाय ठेवून.”

बाईंनी आकृती नीट पाहिली. मग विचारलं, “तुम्ही बघितलंत, मी पाय ठेवते ते?”

“बघायला कशाला हवं? बेअरिंग बोलतंय ना!”

“किती आले?”

“अठ्ठ्याण्णव.”

बाई उठल्या, पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि दाराजवळच्या खिळ्याला लावली. त्या गुरुवारी त्या बसनं गेल्या. सर म्हणाले, मी सोडतो. तर म्हणाल्या, “नको. बसचा क्लच जळला तर मला कुणी विचारत नाही.” सरांना वाटलं, राग आहे, उतरेल चार दिवसांत. चार महिने झाले तरी उतरला नाही. बाई दर गुरुवारी पहाटे निघत आणि अंधार पडल्यावर येत. पाय सुजलेले असत. कधी दुसरी बस चुकली तर भेट वीस मिनिटांवर येई. एकदा तर त्या मधल्या स्टॅंडवरूनच परत आल्या. बहिणीबद्दल विचारलं की म्हणत, “बरी आहे. मला ओळखते अजून.” त्या ‘अजून’पाशी सर वर्तमानपत्र उघडत.

आणि चार महिन्यांनी, त्याच पुलावर, तोच वास आला.

सर गाडी रस्त्याकडेला घेऊन बसून राहिले. डोकं पार भंजाळलं. किल्लीला बाईंनी हातसुद्धा लावला नव्हता. मग नव्या कोऱ्या क्लचवर पाय ठेवला कुणी? गॅरेजवालीनं जुनंच सामान पुसून घातलं की काय? पण बेअरिंगचं खोकं त्यांच्यासमोर फोडलेलं. डॉक्टरनं गाडी विकताना काही लपवलं? पण मग इतके दिवस कशी चालली? असे सगळे दरवाजे बंद झाल्यावर माणसाच्या मनात जे येतं ते सरांच्या मनातही आलं. मी सकाळी फिरायला जातो तेव्हा ही गुपचूप गाडी काढत असेल.

इथे सरांची बाजू घेणं कठीण आहे, आणि मी घेणारही नाही. ते आठवडाभर स्वतः गाडी न काढता सकाळ-संध्याकाळ किलोमीटरचा आकडा एका चिठोऱ्यावर लिहून ठेवू लागले. शिवाय मागच्या चाकावर आणि खालच्या फरशीवर मिळून खडूची एक रेघ ओढली, म्हणजे गाडी तसूभर हलली तरी कळावं. रेघ ओढताना बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“काय शोधताय?”

“नट पडलाय एक,” सर गुडघ्यांवरून म्हणाले.

बाई खडूकडे बघून आत गेल्या. आठ दिवसांनी रेघ होती तिथेच होती आणि आकडाही हलला नव्हता. आता मात्र सरांना काही सुचेना. आपल्याशिवाय कुणी चालवत नाही आणि तरी क्लच झिजतो, हे त्यांच्या एकतीस वर्षांत बसत नव्हतं. ते तणतणत गॅरेजमध्ये गेले.

“तुझं सामान खोटं आहे,” त्यांनी दारातूनच सांगितलं.

गॅरेजवालीनं हात पुसले, स्टूल पुढे सरकवलं. सर बसले नाहीत. तिनं सगळं ऐकून घेतलं, बायकोनं चार महिने गाडीला हात लावलेला नाही हेसुद्धा. तेव्हा तिच्या भुवया जराशा वर गेल्या. ती म्हणाली, “मला एक तास द्या.” मग गाडीत डोकं खाली पाय वर करून ती पेडलपाशी काहीतरी जोडत राहिली. तासाभरानं डॅशबोर्डवर चिकटपट्टीनं डकवलेला एक वाटाण्याएवढा लाल दिवा दिसू लागला.

“क्लचवर जरासाही भार आला की हा लागणार,” ती म्हणाली. “भार गेला की विझणार. चला, चक्कर मारू. तुम्ही चालवा.”

“आणि यातनं काय कळणार?”

“बघू तर खरं.”

सरांनी क्लच दाबला, दिवा लागला. गिअर टाकून क्लच सोडला, गाडी निघाली. दुसरा, तिसरा, चौथा. मोठ्या रस्त्याला लागल्यावर पाचवा. रस्ता सरळ, मोकळा. तीन किलोमीटर काही करायचं नव्हतं. दिवा जळतच होता.

“हा अडकला,” सर म्हणाले.

“असेल.”

“वायरिंग चुकलंय तुझं.”

“असू शकतं, सर,” गॅरेजवाली समोर बघत म्हणाली. मग अगदी हलक्या आवाजात, ज्यांनी तिला दोनदा रडवलं त्यांच्यापुढे शक्य तितक्या अदबीनं म्हणाली, “पाय उचला.”

“उचललेलाच आहे,” सर म्हणाले, आणि खाली पाहिलं.

डावा पाय पेडलवर होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला, बोटांवर तोललेला, कुणी चुकलंच तर झडप घालायला सज्ज. सरांनी तो काढून खाली ठेवला. दिवा विझला. त्यांनी मुद्दाम पुढच्या खांबांकडे, सायकलवाल्याकडे, दुकानांच्या पाट्यांकडे पाहिलं आणि जरा वेळानं पुन्हा दिव्याकडे नजर टाकली. दिवा लागलेला होता. पाय कधी वर गेला ते त्यांना कळलंही नव्हतं.

त्यांनी पाच-सहा वेळा पाय खाली घेतला आणि तो पाच-सहा वेळा परत गेला. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत तो पाय पेडलवर बसलेला होता. सर निवृत्त झाले, पायाला कुणी सांगितलंच नव्हतं. जी गोष्ट त्यांनी अर्ध्या शहराच्या पायांत पाहिली, ती स्वतःच्या पायात दिसली नाही, कारण स्वतःच्या पायाकडे बघायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती.

“मघापासून माहीत होतं तुला?” त्यांनी विचारलं.

“बाई चालवत नाहीत म्हणालात तेव्हा कळलं. त्याआधी नाही.” ती म्हणाली, “आवाजावरून बेअरिंग गेलंय, प्लेट अर्धी तरी शिल्लक असेल. पण परत गिअरबॉक्स उतरवायचाच तर दोन्ही बदलू. सत्तर होतील. मजुरी सोडता येणार नाही, सर.”

“सोडू नकोस,” सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बिल कमी वाटलं.

गाडी पाच दिवस गॅरेजमध्ये राहिली आणि तेवढे दिवस सर घरात मांजरासारखे घुटमळत होते. बाईंना काय सांगायचं? सांगायलाच हवं का? सामानात दोष निघाला म्हटलं तर कोण तपासायला बसलंय! रोज ते पुढच्या खोलीच्या दारापर्यंत जात, खुंट्यांवरचे कपडे मोजल्यासारखं करत आणि परत फिरत. गाडी आली त्या दिवशी मात्र त्यांना राहवेना. बाई कुणाच्या तरी जाकिटाची चेन उसवत होत्या.

“अगं,” सर म्हणाले, “क्लच मी जाळला.”

“आता परत?”

“आता आणि तेव्हाही. दोन्ही वेळा मीच. पाय माझा होता.”

बाईंनी ब्लेड खाली ठेवलं. सरांनी दिव्याची सगळी हकिगत सांगितली, न विचारता खडूच्या रेघेचीही सांगितली. बाई ओरडतील, रडतील, निदान हसतील तरी, अशी त्यांची अपेक्षा होती. तिन्हींची त्यांनी तयारी केली होती.

“नट शोधत नव्हता ते कळलं होतं मला,” बाई म्हणाल्या. “दोन्ही मिळून किती झाले?”

“एक लाख अडुसष्ट.”

“बरं.”

“तू काहीतरी बोल ना.”

बाईंनी मशीनखाली आपल्या पायाकडे पाहिलं. “चाळीस वर्षं मी हा पाय बघितला नव्हता,” त्या म्हणाल्या. “शिवताना समोर सुई असते, कापड असतं. पाय कोण बघतं? तुम्ही ती आकृती काढलीत तेव्हापासून दर शिलाईला खाली बघते. ठेवलाय का, दाबलाय का, उचलला का. शिलाई वाकडी जाते. गेल्या महिन्यात दोन कोट परत आले. पैशाचं काय घेऊन बसलात!”

सरांना वाटलं होतं, त्यांनी फक्त गाडीची किल्ली काढून घेतली. त्यांनी काय काढून घेतलं होतं ते आता दिसलं, आणि ते परत कसं द्यायचं ते काही सुचेना. त्यांनी खिळ्यावरची किल्ली आणून मशीनच्या पाटावर ठेवली. बाईंनी ती उचलून जाकिटाच्या पलीकडे, दोऱ्यांच्या रिळांपाशी सरकवली आणि पुन्हा ब्लेड घेतलं.

“गुरुवारी मी बसनं जाते.”

“मी येतो बरोबर.”

“या,” बाई म्हणाल्या. आग्रह नव्हता, पण नकोही म्हणाल्या नाहीत.

सर त्या बसनं कधी गेले नव्हते. पहिली बस भरलेली होती, त्यांना तासभर उभं राहावं लागलं. दुसऱ्या बसची वाट बघत ते दोघं एका पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस मिनिटं बसले. बाकाची एक फळी तुटलेली होती आणि बाई न बघता तिच्या पलीकडे बसल्या, त्यावरून सरांना कळलं की ही त्यांची ठरलेली जागा आहे. तिसऱ्या बसमध्ये गुडघे समोरच्या सीटला घासत होते. सरांनी मनात हिशोब सुरू केला, सोळा-सतरा गुरुवार, प्रत्येकी सात तास. पुढे तो त्यांनी सोडून दिला.

थोरल्या बहिणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक आरामखुर्ची, खिडकीच्या कठड्यावर पाण्याचा तांब्या. बहीण अंगानं बारीक झाली होती, पण केस नीट विंचरलेले होते. बाई आत गेल्याबरोबर तिनं त्यांचा हात धरला आणि पहिला प्रश्न विचारला, “गाडी कुठे लावलीस?”

“खाली, ताई. सावलीत लावलीय,” बाई म्हणाल्या.

इतक्या सहज म्हणाल्या की सर दारातच थबकले. हा प्रश्न दर भेटीचा होता आणि हे उत्तरही दर भेटीचं होतं. चार महिने बाई दोनदा बस बदलून येत होत्या आणि या खुर्चीपाशी बसून सावलीत लावलेल्या गाडीबद्दल सांगत होत्या. ताईच्या डोक्यातून भावाचं नाव गेलं होतं, महिना गेला होता, सकाळी काय खाल्लं तेही गेलं होतं. पण धाकटी एकटी गाडी चालवत येते, एवढं मात्र तिनं घट्ट धरून ठेवलं होतं, आणि बाई ते तिच्याकडून काढून घ्यायला तयार नव्हत्या.

“हे कोण?” ताईनं सरांकडे बोट दाखवलं.

बाई काही बोलायच्या आत सर म्हणाले, “मी गाडी शिकवायचो, ताई.”

“मग हिची बघा. कुणाकडे शिकली कुणास ठाऊक, पण छान चालवते,” ताई म्हणाली. “मला म्हणाली, रस्त्यात एकदासुद्धा बंद पडत नाही.”

“हो. छान चालवते,” सर म्हणाले. त्यांनी बाईंना चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. बारा गुरुवार ते फक्त गाडीकडे पाहत आले होते. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

मग ताईनं नेहमीचं नसलेलं काहीतरी विचारलं. ताई खुर्चीतून मान उंचावून खिडकीबाहेर बघत होती. खालच्या आवारात तीन-चार गाड्या उभ्या होत्या. “इथून दिसत का नाही गं मला? रोज बघते. कुठली तुझी?”

सर काहीतरी जुळवाजुळव करू लागले, गॅरेजमध्ये आहे म्हणावं, धुवायला दिलीय म्हणावं, आणि प्रत्येक वाक्य त्यांच्याच पायापाशी येऊन अडखळलं.

“आज नाही दिसायची,” बाई शेवटी म्हणाल्या. “पुढच्या गुरुवारी इथे समोर लावते, अगदी खिडकीखाली. तू बघत बस.”

हे ताईला सांगितलं, की आपल्याला, की नुसती वेळ मारून नेली, हे सरांना उमगेना. विचारायचा धीर होईना. परतीच्या पहिल्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली, ती त्यांनी बाईंना दिली. स्टॅंड मागे पडला, दिवे लागले.

“मी लवकर निघेन गुरुवारी. पहाटे गर्दी नसते,” त्या म्हणाल्या.

“मी येऊ ना बरोबर?” सरांनी विचारलं. “बाजूला बसेन. तोंड उघडणार नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. विचार करून, नीट ठरवून म्हणाल्या, “तुम्ही बसनं या.”